कोणाच्या नावानं

पहाटेचे चार. ग्रिम्सबी, गोदीमागचं शीतगृह.
चार नंबरच्या खोलीत हॅडॉकची खोकी घामेजलेली
आणि पडद्यावर सगळं हिरवं.
उणे बावीस, उणे बावीस, उणे बावीस.
अकरा दिवस तोच आकडा.
इतकं स्थिर जिवंत काहीच नसतं,
पण हिरव्याला कोण हटकतं?

रॅमूनासनं फोर्कलिफ्ट थांबवली.
त्याच्या टोपीवर थेंब पडला होता.
थेंब! उणे बावीसमध्ये.
मग मला फोन.

ट्रेव्हर ब्लँचर्ड निवृत्त झाला त्या शुक्रवारी
माशाच्या आकाराचा केक कापला,
लिनेटनं भाषण केलं, शेपटीचा तुकडा मला आला.
पाच वाजता, नियमाप्रमाणे,
त्याचं अकाउंट बंद झालं.
आणि तापमानावर नजर ठेवणारी सर्व्हिस
सात वर्षं त्याच्याच नावानं चाललेली,
कधीतरी घाईत, तात्पुरती म्हणून.
पासवर्ड चालत नाही, अशी हाक मारायचं काम ज्याचं
तोच दाराबाहेर उभा.

आता समोर एक चौकट, आत लुकलुकणारी काडी:
कोणाच्या नावानं चालवू?

"रूट दे ना," लिनेट म्हणाली, "कटकट संपेल."
खरंय. रूटला कुणी अडवत नाही.
पण ज्यानं नुसता पारा वाचायचा
त्याच्या कमरेला अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या कशाला?
एखाद्या रात्री कुणी त्यालाच फितवलं तर
पगारापासून माशापर्यंत सगळं उघडं.

मग माझं नाव. एस. खानझोडे.
टाइप केलंसुद्धा. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
इथे कुणाला ते धड उच्चारता येत नाही,
निदान मशीन तरी रात्रभर घोकेल.
पण व्हिसा ऑक्टोबरपर्यंतचा.
माझाही एक शुक्रवार असणार, पाच वाजताचा,
केक असेल, नसेल.
एकेक अक्षर मागे घेतलं.

आणि वरुडकडची जागल आठवली, का कोण जाणे.
मामाच्या संत्र्याच्या बागेत रात्री एक माणूस असायचा,
त्याचं नाव आम्ही पोरांनी कधी विचारलं नाही.
जागल्या. एक गेला की दुसरा यायचा,
घोंगडी तीच, कंदील तोच, हाक तीच.
फळाला हात लावायचा नाही.
डुकरं आली की पत्र्याचा डबा बडवायचा, बस.

नवं अकाउंट. नाव: जागल्या.
वाचायची परवानगी: हो.
लिहायची: नाही.
लॉग इन: नाही.
घर: नाही.
इथे बोट जरा अडलं.
मग एंटर.

सकाळी ट्रेव्हरला फोन केला, तो लीकच्या वाफ्यात होता,
मागे सीगल कोकलत होते. सगळं सांगितलं.
बराच वेळ नुसता वारा.
"म्हणजे अकरा दिवस मी झोपलो होतो," म्हणाला.
म्हटलं, नाही हो, तुम्ही घरी होता.
"तेच ते."
मग विचारलं, खोकी किती गेली?
एकशे चाळीस, मी म्हणाले. होती दोनशेच्या वर.

परत चार नंबरमध्ये गेले, रॅमूनासचा कोट घालून,
बाह्या गुडघ्यापर्यंत.
हातमोजा काढला आणि सेन्सर मुठीत धरला.
बोटं आधी दुखली, मग दुखेनाशी झाली.
उणे वीस. उणे सतरा. उणे अकरा.
ये, म्हटलं, बडव डबा.

खिशात फोन थरथरला.
रॅमूनासनं वाकून नाव वाचलं,
त्याच्या भाषेत ज चा य होतो:
"यागल्या? हा कोण नवीन?"

माझ्या दातांचा कडकडाट चालू होता.
नंतर सांगते, म्हटलं. आधी चहा.